तारेवरचा कान आणि देवस्थानचा हिशेब

गेल्या उत्सवाच्या बैठकीनंतर सभामंडपात एका वयोवृद्ध महाजनांनी आम्हांस सहज विचारले, "सरकारने आमचे फोन ऐकले तर ऐकू देत, ज्याने पाप केले नाही त्याने का भ्यावे?" प्रश्न भाबडा आहे. परंतु आज तो पुष्कळ सज्जनांच्या मुखी आहे, म्हणून त्याचा समाचार घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

१८८५ चा तार कायदा परक्या राज्यकर्त्यांनी केला. तरीही त्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे सार्वजनिक आणीबाणी वा सार्वजनिक सुरक्षितता यांपैकी एक कारण असल्याखेरीज कोणाचा निरोप अडविता येत नसे. १८ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएलच्या खटल्यात आणखी बंधने घातली: हुकूम गृहसचिवांनीच काढावा, त्याची मुदत दोन महिने असावी, समितीने तो तपासावा. मात्र हुकमापूर्वी न्यायाधीशाची संमती घ्यावी असे न्यायालयाने सांगितले नाही. त्या निवाड्याची थोरवी गाताना आमचे वकीलबंधू हा भाग सोयीस्करपणे विसरतात. पुढे २००८ साली, मुंबईवरील हल्ल्यास महिना होतो न होतो तोच, माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६९ वे कलम बदलले आणि संगणकातून जाणाऱ्या मजकुरापुरती ती जुनी पूर्वअटही गळाली. कोणत्याही गुन्ह्याचा तपास, एवढे कारण आता पुरते. साहेबाने जेवढा संकोच बाळगला तेवढाही स्वकीयांनी बाळगला नाही, हे लिहिताना लेखणी जड होते. पण ते खरे आहे. तार कायद्याची जागा घेणाऱ्या २०२३ च्या दूरसंचार कायद्यात ते दोन जुने शब्द आहेत खरे. परंतु 'निरोप' या शब्दाची व्याख्या चित्र, ध्वनी, विदाप्रवाह येथवर पसरली आहे, आणि न्यायाधीश अद्यापि त्या दाराबाहेरच उभा आहे.

"समिती आहे ना!" असे उत्तर मिळते. केंद्राच्या या समितीचे अध्यक्ष मंत्रिमंडळ सचिव आणि सभासदही सचिवच. म्हणजे हुकूम काढणारे सरकार आणि तपासणारेही सरकार. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या अहवालात नमूद केले आहे की दोन महिन्यांतून एकदा भरणाऱ्या या समितीपुढे प्रत्येक सभेत १५,००० ते १८,००० हुकूम असतात. सभा अखंड आठ तास चालली, चहालाही कोणी उठले नाही, तरी एका हुकमाच्या वाट्याला दोन सेकंदही येत नाहीत. यास तपासणी म्हणावयाचे असेल तर देवळाबाहेरून जाताना हात जोडणे यास महापूजा म्हणावी!

आता त्या महाजनांस आमचा उलट प्रश्न आहे. गोव्यात १९३३ पासून देवस्थानांचा कायदा आहे. समिती महाजनांनी निवडावयाची, हिशेब महाजनांपुढे ठेवावयाचा, वर प्रशासक म्हणून मामलेदारांची नजर. नंदादीपाच्या तेलाचीही पावती लागते. आपले खजिनदार चोर आहेत म्हणून का आपण हे करतो? मग 'ज्याने पाप केले नाही त्याने का भ्यावे' हे वचन सरकारलाच का लागू होऊ नये?

येथे केवळ आपल्या खाजगी गोष्टींचाच प्रश्न नाही. ज्या केबलमधून शत्रूचा निरोप जातो तिच्यातूनच आपली देणगी, रुग्णाचा कागद आणि अशिलाने वकिलास सांगितलेले गुपित जाते. ती सर्वांची सामायिक वाट आहे. सरकारसाठी यंत्रात चोरदार ठेवले की ते कोणासाठी उघडेल यावर सरकारचाही ताबा राहत नाही. २००४-०५ मध्ये अथेन्स येथे कायदेशीर श्रवणासाठी केलेली सोय अज्ञात इसमांनी बळकावून ग्रीसच्या पंतप्रधानांसह शंभरावर लोकांचे फोन ऐकले. २०२४ साली अमेरिकेत हॅकर दूरध्वनी कंपन्यांत शिरले आणि न्यायालयांच्या आदेशांन्वये पोलिसांनी मागविलेल्या माहितीपैकी काही त्यांच्या हाती लागली. त्या सरकारने त्याचा ठपका चीनवर ठेवला. चोरदार बांधणाऱ्यांच्याच घरी चोरी झाली.

आणखी एक विसंगती. इंटरनेटवरील नावांच्या मूळ यादीवर अमेरिकन सरकारची देखरेख असे. १ ऑक्टोबर २०१६ पासून ती संपली. त्याआधी, २०१५ साली, आपल्या सरकारनेही जगापुढे जाहीर केले की या सामायिक यंत्रणेच्या कारभारात सर्व संबंधितांचा सहभाग असावा. उत्तम! मग तीच केबल मुंबईच्या किनाऱ्यावर चढल्यावर संबंधितांचा सहभाग कोठे जातो?

राष्ट्रास कान असूच नयेत असे आम्ही म्हणत नाही. सीमेवर आणि शहरांत ज्यांनी प्राण वेचले त्यांचे स्मरण आम्हांसही आहे. आमचे मागणे तीन गोष्टींचे आहे. हुकमापूर्वी स्वतंत्र न्यायाधीशाची मान्यता, जशी इंग्लंडने २०१६ च्या कायद्याने स्वतःच्या घरी लागू केली. हुकमांची वार्षिक संख्या संसदेपुढे. आणि तपास निष्फळ ठरल्यावर ज्याचे बोलणे ऐकले त्यास तसे कळविणे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने खाजगीपणास मूलभूत हक्क ठरविल्यानंतर एवढे मागणे म्हणजे राजद्रोह नव्हे. पुढील बैठकीत ते महाजन भेटले की देवस्थानच्या हिशेबाची वही पुढ्यात ठेवूनच आम्ही त्यांच्याशी हा वाद पुढे चालविणार आहोत.