रातांब्याचा रंग आणि सांध्याची सूज



आगळाच्या बाटल्या भरून विकणाऱ्या एका बचत गटाने विचारले आहे की, बाटलीवरच्या चिठ्ठीत ‘सूज व सांधेदुखीवर रामबाण’ असे छापले तर चालेल का? चालणार नाही. अमुक पदार्थ खाऊन रोग बरा होतो, असा दावा २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली करता येत नाही. चिठ्ठीवर जिन्नस, मिठाचे प्रमाण आणि तारीख नीट छापा, गिऱ्हाईक त्यावरच टिकते. पण कायदा बाजूला ठेवला तरी प्रश्न उरतो: कोकमाच्या अंगी तसा काही गुण आहे की नाही?

गुण आहे, आणि तो बराचसा रंगात आहे. रातांबे फोडताना बोटांना लागणारा गर्द तांबडा रंग ॲन्थोसायनिन नावाच्या द्रव्याचा. जांभळाचा रंगही त्याच कुळातला. वाळलेल्या कोकमाच्या सालीत हे द्रव्य वजनाच्या २ ते ३ टक्के भरते. त्याच सालीत गार्सिनॉल नावाचे पिवळसर द्रव्यही असते. हळदीचा पिवळेपणा कर्क्युमिनचा.

काटा रुतला की जागा लाल होते, तापते, फुगते, ठणकते. हा शरीराने लावलेला बंदोबस्त असतो. जखम भरली की तो उठायला हवा. आमवातात तो उठत नाही, उलट घरच्याच माणसांवर लाठी चालवू लागतो. हा बंदोबस्त बोलावणारे निरोप पेशींमध्ये फिरत असतात. ते निरोप ही रंगद्रव्ये काही प्रमाणात अडवतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. मात्र काचेच्या नळीपासून माणसाच्या गुडघ्यापर्यंतची वाट लांब आहे.

हिशेबच मांडू. चमचाभर हळद सुमारे ३ ग्रॅम. तीत ३ टक्के धरले तर कर्क्युमिन ९० मिलिग्रॅम. गुडघ्याच्या झिजेवरील चाचण्यांत रुग्णांना दिवसाला ५०० ते १५०० मिलिग्रॅम अर्क दिला गेला, तेव्हा कोठे दुखणे काहीसे कमी झाले. शिवाय पोटात गेलेले कर्क्युमिन रक्तात फारच थोडे उतरते. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील १९९८ च्या प्रयोगात मिरीतील पायपेरीन सोबत दिल्यावर ते २० पट अधिक उतरले. आपल्या वाटपात हळद, मिरी आणि खोबरे एकत्र येतात, हे बरेच आहे. कोकमाचा पुरावा याहून तोकडा. बहुतेक प्रयोग उंदरांवर नाही तर पेशींवर झालेले.

म्हणून हे रोजचे अन्न समजावे, औषध नव्हे. एका वाडीतल्या आजींनी कोणाचे तरी ऐकून आमवाताच्या गोळ्या बंद केल्या आणि सकाळ-संध्याकाळ आगळ सुरू केले. पावसाळ्यात बोटे वळेनात. लावणीचे सोडाच, चुलीवरचे भांडे उतरेना. आमवातात एकदा झिजलेला सांधा पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. गोळ्या डॉक्टरांना विचारल्यावाचून सोडू नयेत. कर्क्युमिनच्या महागड्या कॅप्सूलही आपल्या मनाने घेऊ नयेत. इटलीत २०१९ मध्ये त्यांपासून यकृताला सूज आल्याच्या नोंदी झाल्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील त्यांनी तर मुळीच नाही.

आता घरातली गोष्ट. अमृत कोकमात सालीच्या दुप्पट साखर असते, तेव्हा मधुमेह्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. आगळात साखर नसते, पण मीठ भरपूर. रक्तदाब असलेल्याने आगळाची सोलकढी करताना वरून मीठ घालू नये. त्यापेक्षा बिनमिठाची आमसुले भिजवून केलेले सार चांगले.

बाजारचे लाल सरबत खरे की रंगवलेले, हे घरी पाहता येते. चमचाभर सरबत वाटीभर पाण्यात घालून त्यात खाण्याचा सोडा थोडा थोडा टाकत जा. फेस बसल्यावर तांबडेपणा जाऊन पाणी निळसर-काळपट झाले तर रंग कोकमाचा. लाल ते लालच राहिले तर बाहेरचा. (हळदीचा डाग साबणाने लाल होतो किंवा चुन्याने हळदीचे कुंकू होते, त्यातलाच हा प्रकार.)

हा रंग नाजूक असतो. उष्णता, उजेड आणि लोखंड त्याला मारक. रस उकळू नये. रस काढायला व सालींना पुटे द्यायला स्टीलचे किंवा चिनी मातीचे भांडे घ्यावे. लोखंडी, तांब्याचे, ॲल्युमिनियमचे नको. सालींना रसाची चार-पाच पुटे देऊन प्रत्येक वेळी चांगले वाळवावे, वर जाळी अंथरावी. चार घरांत मिळून एक सौर वाळवणयंत्र केले तर धूळ, माशी आणि अवकाळी सर तिन्ही टळतात. वाळलेली आमसुले घट्ट झाकणाच्या बरणीत, अंधाऱ्या फळीवर ठेवावीत. खिडकीतली बरणी दिसते छान, पण आतला माल तपकिरी पडत जातो. हळदीच्या पुडीलाही हाच नियम.

खरी नासाडी मात्र झाडाखाली होते. मृगाचा पाऊस आला की पिकलेले रातांबे गळून कुजतात, आणि त्याच घरात पाहुण्यांसाठी दुकानातून लाल बाटली येते! दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण अमृता’ ही जात जाड सालीची असून तिचे बरेचसे फळ पावसाआधी हाती येते. लावायची तर कलमेच लावा. बियांची रोपे सात-आठ वर्षे सांभाळावीत, तर त्यांतली निम्मी नर निघतात.