नकाराचे कारण लेखी द्या!

पदवी परीक्षेचा निकाल हाती पडला की दर वर्षी महाराष्ट्रातील हजारो तरुण-तरुणी पुढल्या दाराशी जाऊन उभ्या राहतात. एम. ए., एम. एस्सी., एम. कॉम., अथवा त्याही पुढे पीएच. डी. यांपैकी कशासाठी तरी अर्ज करावयाचा, शुल्क भरावयाचे, दाखले जोडावयाचे आणि यादीची वाट पाहत बसावयाचे, असा हा क्रम आहे. यादी लागते. तीत आपले नाव नसते. का नाही? गुण कमी पडले? एखादा दाखला राहिला? पदवीचा विषय चालत नव्हता? की जागाच संपल्या? या प्रश्नाचे उत्तर त्या यादीत नसते, विद्यापीठाच्या संकेतस्थळावर नसते आणि खिडकीमागच्या कारकुनापाशी तर नसतेच नसते. आमचे स्पष्ट म्हणणे असे आहे की, ज्या विद्यापीठाने अर्जाचे शुल्क घेतले त्याने अर्ज नाकारताना त्याचे कारण लिहून दिलेच पाहिजे, आणि तेही अर्जदाराला दुसरीकडे जाण्यास अवधी उरेल अशा वेळी दिले पाहिजे.

ही मागणी कोणाला क्षुल्लक वाटेल. म्हणून ९० वर्षांहून जुनी एक हकीकत येथे सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते. कमला भागवत या विद्यार्थिनीने १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. रसायनशास्त्र घेऊन पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण केली आणि संशोधनासाठी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. तिचे वडील आणि चुलते याच संस्थेत शिकून रसायनशास्त्रज्ञ झालेले होते. तेव्हा प्रवेश मिळणार याविषयी घरात कोणाला शंका असण्याचे कारण नव्हते. अर्ज नामंजूर झाला! संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. नोबेल पारितोषिक मिळवून त्यांना तीन वर्षे झाली होती. त्यांनी नकाराचे कारण लपविले नाही. अर्जदार स्त्री आहे, हेच ते कारण.

मुंबईची ही मुलगी स्वस्थ बसली नाही. ती बंगलोरला गेली, संचालकांसमोर उभी राहिली, आणि सत्याग्रहाच्या त्या काळात तिने त्यांच्या कचेरीबाहेर सत्याग्रहच मांडला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष ती नियमित विद्यार्थिनी गणली जाणार नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री-अपरात्रीही काम करावे लागेल, आणि प्रयोगशाळेतील पुरुषांचे चित्त तिच्यामुळे विचलित होता कामा नये! त्या अटी तिने मान्य केल्या, पण त्यांचा सल पुढे कित्येक वर्षांनीही बोलून दाखविला. दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर तिने श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली काम केले. वर्षभराने खुद्द रामन यांचे समाधान झाले, आणि त्या संस्थेचे दार पुढे इतर स्त्रियांनाही उघडले. १९३६ साली एम. एस्सी., १९३९ साली केंब्रिजची पीएच. डी., आणि पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेचे संचालकपद, हा डॉ. कमला सोहोनी यांचा प्रवास सर्वश्रुत आहे. दुर्गाबाई भागवतांच्या या भगिनी, एवढे सांगितले तरी मराठी वाचकाला ओळख पटेल.

रामन यांचा तो निर्णय उघड अन्यायाचा होता. त्यांच्या विद्वत्तेने तो झाकत नाही. परंतु नकार देणारा माणूस कोण हे कमलाबाईंना ठाऊक होते, नकाराचे कारण ठाऊक होते, आणि म्हणूनच त्या कारणाशी त्यांना झुंजता आले. आजच्या अर्जदाराने झुंजावे कोणाशी? त्याच्यासमोर एक पडदा असतो. त्यावर अर्जक्रमांक टंकलेला असतो आणि त्यापुढे ‘निवड नाही’ अशा अर्थाची एक ओळ असते. १९३३ चा अन्याय आज कोणी उघडपणे करू धजणार नाही, आणि ती कायद्याची व लोकमताची मोठीच प्रगती होय. पण जेथे कारण सांगावेच लागत नाही तेथे वाईट कारणाला लपायला जागा मिळते, आणि चांगल्या कारणावरही कोणाचा विश्वास बसत नाही. दोन्हींत तोटा विद्यापीठाचाच आहे.

पीएच. डी. च्या प्रवेशाचेच पाहा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे विद्यापीठाने स्वतःची प्रवेश परीक्षा घेतली, तर तिला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार दिला जातो. मुलाखत घेऊ नये असे आम्ही म्हणत नाही. संशोधन करू इच्छिणाऱ्याच्या डोक्यात काय चालले आहे, हे चार पर्यायांतून एक निवडण्याच्या परीक्षेने कळत नाही. पण हे ३० गुण बंद दाराआड चार-पाच माणसे देणार, आणि ते कसे दिले हे अर्जदाराला कळणार नाही, ही कोणती रीत? प्रत्येक सदस्याने कशाला किती गुण दिले आणि एका ओळीत त्याचे कारण काय, हे अर्जदाराच्या हाती ठेवले तर प्रामाणिक परीक्षकाचे काय बिघडते? स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच मान्य केला आहे. तेव्हाही मंडळांनी ‘आमचे काम ठप्प होईल’ अशी हाकाटी केली होती. मंडळे आजही चालली आहेत!

एम. ए., एम. एस्सी. च्या प्रवेशात मुलाखत बहुधा नसते. तेथे दाखल्यांचा खेळ असतो. जातीचा दाखला, त्याची वैधता, नॉन-क्रिमीलेयर, अधिवास, स्थलांतर प्रमाणपत्र, यांतील प्रत्येक कागद वेगळ्या कचेरीतून यावयाचा. यवतमाळ किंवा नंदुरबार जिल्ह्यातील मुलाने तालुक्याच्या सेतू केंद्रावर रांग लावून हे सारे गोळा करावे, शहरातल्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर चढवावे, आणि यादीत नाव दिसले नाही म्हणजे घरी बसून तर्क करावा. दाखला अस्पष्ट म्हणून अर्ज बाद झाला, की तो खुल्या वर्गात टाकला गेला, की गुणच अपुरे पडले? पहिल्या दोन गोष्टी एका दिवसात दुरुस्त होण्यासारख्या असतात. तिसरी असेल तर त्याने अन्यत्र अर्ज करावयास हवा. त्याला यांतले काहीच कळत नाही, आणि दुसरी यादीही लागून जाते. ज्याचा मामा किंवा मेहुणा शहरात आहे तो विद्यापीठात खेटे घालून कारण काढून आणतो; ज्याचे कोणी नाही त्याचे वर्ष जाते. गुणवत्तेच्या यादीत हा ओळखीपाळखीचा गुण कोणत्या नियमाने मिळविला जातो, हे विद्यापीठाच्या धुरीणांनीच सांगावे.

येथे कोणी म्हणेल की, २००५ चा माहितीचा अधिकार आहेच की! दहा रुपये भरा आणि कारण मागा. उत्तम. त्या कायद्याप्रमाणे उत्तर देण्यास ३० दिवस मिळतात, आणि प्रवेशाची फेरी त्याच्या आत कधीच आटोपलेली असते. घर जळून गेल्यावर विहिरीची परवानगी मिळावी, तशातला हा हक्क.

वेळेचा हा प्रश्न कारणाच्या प्रश्नाइतकाच जिव्हाळ्याचा आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ मध्ये स्पष्ट लिहिले आहे की, परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत आणि काहीही झाले तरी ४५ दिवसांत निकाल लागला पाहिजे. कायदा लागू झाल्याच्या वर्षीच, म्हणजे २०१७ च्या उन्हाळ्यात, मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका पडद्यावर तपासण्याची पद्धत पुरेशा तयारीवाचून आणली आणि निकालांचा जो विचका झाला तो मुंबईकर विसरलेले नाहीत. कुलपतींनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदत उलटून गेली, आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. कुलगुरू गेले, पण निकालपत्र हाती नाही म्हणून परगावी किंवा परदेशी प्रवेशाला मुकलेल्या विद्यार्थ्यांचे गेलेले वर्ष त्यांना कोणी परत केले?

केंद्राचे चित्र याहून उजळ नाही. केंद्रीय विद्यापीठांच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी एकच सामाईक परीक्षा २०२२ साली सुरू झाली, आणि त्या पहिल्या वर्षी ती झाली केव्हा, तर सप्टेंबरात! ज्यांना थांबणे परवडत होते ते थांबले. शिवाय ही प्रश्नपत्रिका, भाषाविषय वगळता, इंग्रजी व हिंदीत निघते. राज्यशास्त्र वा इतिहास तीन वर्षे मराठीतून शिकलेल्या आणि मराठीतूनच उत्तरे लिहिलेल्या मुलाला एका दिवसात भाषा बदलावी लागते. (हा स्वतंत्र अग्रलेखाचा विषय आहे आणि तो आम्ही सोडणार नाही.) पुढे २०२४ साली आयोगाने राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे गुण पीएच. डी. प्रवेशासाठीही ग्राह्य धरण्याचे ठरविले. १८ जूनला ९ लाखांहून अधिक उमेदवारांनी ती परीक्षा दिली, आणि १९ जूनला ती रद्द झाली. फेरपरीक्षा सुरू झाली २१ ऑगस्टला. एवढ्या लोकांचे वेळापत्रक एका रात्रीत उधळून लावणाऱ्या यंत्रणा, अर्जदाराने एक दाखला एक दिवस उशिरा चढविला तर मात्र घड्याळ दाखवितात!

घड्याळ दोन्ही बाजूंस सारखेच चालावे, ही अपेक्षा काही आकाशातून पडलेली नाही. अमेरिकेतील शेकडो विद्यापीठांनी आपसांत एक ठराव केलेला आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्याला शिष्यवृत्तीसह प्रवेश देऊ केला, तर १५ एप्रिलपूर्वी त्याच्याकडून होकार वा नकार मागावयाचा नाही. ही तारीख बांधते ती विद्यापीठांना. विद्यार्थ्याला तिने चार दारे पाहून निवड करण्याची उसंत दिली आहे. आमच्याकडे यादीत नाव लागल्यापासून दोन-तीन दिवसांत पैसे भरा, नाहीतर जागा गेली, असा दंडक असतो. तेवढ्या अवधीत शेतकऱ्याच्या किंवा रोजंदारीवाल्याच्या घरात काही हजार रुपये उभे राहात नाहीत. परदेशी जाणाऱ्यांची तऱ्हा हीच. तिकडच्या विद्यापीठाची अनामत भरण्याची मुदत आधी संपते, आणि सरकारी शिष्यवृत्तीची यादी मागाहून लागते.

या संदर्भात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण आमच्या शिक्षणखात्याने जयंतीखेरीज इतर दिवशीही आठवावे. १९१६ साली ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले, पण बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती संपल्यामुळे १९१७ साली त्यांना परत यावे लागले. लंडन विद्यापीठाने त्यांचे नाव खोडून टाकले नाही. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा दिली. सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकीत साठविलेले पैसे, शाहू छत्रपतींचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज एवढ्या शिदोरीवर ते १९२० साली पुन्हा गेले. १९२१ साली एम. एस्सी. आणि १९२३ साली डी. एस्सी. झाले. पैशाअभावी अडलेल्या विद्यार्थ्याची जागा चार वर्षे राखणारे विद्यापीठ परक्या सत्तेच्या राजधानीत होते. स्वराज्यातील विद्यापीठांना तीन दिवस तीन आठवड्यांवर नेणे जड का जावे?

अर्जातील आणखी एका गोष्टीकडे फारसे कोणाचे लक्ष नाही, म्हणून तिचाही उल्लेख करतो. ती म्हणजे शिफारसपत्र. परदेशी विद्यापीठे शिकविणाऱ्या अध्यापकाचे पत्र मागतात, आणि ते बहुधा त्याच्या संस्थेच्या नावाच्या पत्त्यावरून यावे अशी त्यांची अपेक्षा असते. आमच्या महाविद्यालयांत कायम अध्यापकांची पदे रिकामी ठेवून तासिका तत्त्वावरील माणसांकडून शिकवून घेण्याची चाल पडली आहे. ज्याने त्या विद्यार्थ्याला खरोखर शिकविले, त्याची बुद्धी ओळखली, त्या अध्यापकाचे नाव संस्थेच्या फलकावर नाही आणि संस्थेचा ई-मेलही त्याला मिळालेला नाही. पुढच्या वर्षी तो कोठे असेल हे त्यालाही सांगता येत नाही. मग विद्यार्थी विभागप्रमुखाकडे जातो. ज्याने त्याला कधी पाहिलेही नाही असा तो सज्जन गृहस्थ मुलानेच लिहून आणलेल्या पत्रावर सही ठोकतो. अध्यापकाचे पोट मारले की त्याच्या विद्यार्थ्याचा अर्जही दुबळा होतो, हा हिशेब मंत्रालयात कोणी मांडल्याचे दिसत नाही.

अर्ज फार येतात, माणसे थोडी आहेत, कारणे देत बसलो तर न्यायालयात खेचले जाऊ, अशी विद्यापीठांच्या कारभाऱ्यांची बाजू आहे. यातील पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. रिकामी पदे केवळ अध्यापकांचीच नाहीत. पण यादी आता कारकून हाताने करीत नाही. जे यंत्र अर्ज बाद करते त्याला तो कशासाठी बाद केला हे ठाऊक असतेच. तेच अर्जदाराला कळविण्यास एक ओळ पुरते. शेवटच्या प्रवेशित उमेदवाराचे गुण, अर्जदाराचे गुण, आणि दाखल्यात खोट असेल तर तिचे नाव, एवढ्याने बहुतेकांचे समाधान होईल. न्यायालयाची भीती त्यालाच वाटते ज्याला आपले कारण टिकणार नाही अशी शंका असते.

राज्यातील विद्यापीठांची पुढील वर्षाची प्रवेशपत्रके तयार होतील तेव्हा त्यांत दोन कलमे घालावीत. नाकारलेल्या प्रत्येक अर्जावर तीन दिवसांत लेखी कारण व त्यावर फेरतपासणीसाठी सात दिवस, हे पहिले. आणि कायद्याने ठरलेल्या ४५ दिवसांत ज्या परीक्षेचा निकाल लागला नसेल तिच्या विद्यार्थ्यांसाठी प्रवेशाची मुदत आपोआप तितकीच पुढे जाईल, हे दुसरे. यासाठी विधिमंडळात नवे विधेयक आणावे लागत नाही. विद्या परिषदेची एक बैठक पुरे आहे.