'रन' आणि 'चालणे' : क्रियापदाच्या पर्यायांचा प्रश्न

कोशकाराची खरी कसोटी लागते ती दुर्मीळ शब्दांपाशी नव्हे, तर नित्याच्या क्रियापदांपाशी. पारिभाषिक संज्ञेचा अर्थ बहुधा एका ओळीत सांगता येतो. लहान मुलाच्या तोंडी असलेल्या शब्दाला मात्र पाने पुरत नाहीत. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेत अशा क्रियापदांची एक मालिकाच दिली असून त्यांच्या अर्थांचा माग काढताना होणाऱ्या दमछाकीची कबुलीही दिली आहे. त्या मालिकेत 'रन' आहे. ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत दीर्घ नोंद 'सेट' या क्रियापदाची होती. पुढे नव्या संस्करणाच्या कामात 'रन'ने त्यास मागे टाकले. २०११ मध्ये त्याचे ६४५ अर्थ नोंदले गेल्याचे जाहीर झाले.

या विस्ताराचे कौतुक पुष्कळ झाले आहे. मराठीच्या अभ्यासकाला त्यातून पडणारा प्रश्न निराळा आहे. ज्या शब्दाला इतके अर्थ आहेत त्याचा 'पर्यायी शब्द' म्हणजे नेमके काय? विद्यार्थ्यांसाठीच्या मार्गदर्शक पुस्तकांतून 'रन'पुढे स्प्रिंट, फ्लो, ऑपरेट, मॅनेज असे शब्द एका रांगेत मांडलेले आढळतात. स्प्रिंट आणि मॅनेज यांचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही. ते 'रन'चे पर्याय नसून 'रन'च्या दोन वेगळ्या अर्थांचे पर्याय आहेत. पर्यायत्व शब्दाशब्दांत नसते, ते अर्थाअर्थांत असते, आणि तो अर्थ कर्त्यावाचून अथवा कर्मावाचून ठरत नाही. धावपटू, नदी, कारखाना, ताप आणि निवडणूक ही नामे बाजूला काढली की 'रन' हा जवळजवळ पोकळ ध्वनी उरतो.

येथे आणखी एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. पायांनी धावणे हा मूळ अर्थ आणि नाक वाहणे, नळ वाहणे ही पुढची लक्षणा, असे सरसकट गृहीत धरले जाते. वस्तुतः प्रवाहाचा अर्थ या शब्दाच्या जुन्या जर्मानिक रूपांपासूनच त्याच्या सोबत आहे. संस्कृतातील 'धाव्' धातूलाही पळणे व वाहणे हे दोन्ही अर्थ आहेत. मराठीने मात्र ही दोन कामे वाटून दिली. माणूस धावतो, पाणी वाहते. म्हणजे इंग्रजी शब्दाची अनेकार्थता ही त्या भाषेची लहर नव्हे. मराठीच्या पूर्वज भाषेत जे एकत्र होते ते मराठीत विभागले गेले, एवढेच.

याहून मनोरंजक गोष्ट अशी की, इंग्रजी जेथे धावते तेथे मराठी बहुधा चालते. घड्याळ चालते, दुकान चालते, खटला चालतो, संस्था चालवली जाते. तापाला दोन्ही गती नाहीत. ताप येतो, चढतो, अंगात भरतो. धुतलेल्या कापडाचा रंग धावत नाही, तो जातो. अमेरिकेतला उमेदवार निवडणुकीसाठी धावतो, ब्रिटनमधला उभा राहतो. मराठी उमेदवार ब्रिटिश वळणाशी जुळेल असाच उभा राहतो, किंवा मग निवडणूक लढवतो. 'धाव' हा शब्द शब्दशः उचलून मराठीने यश मिळवले ते क्रिकेटच्या मैदानावर. चेंडू सीमापार गेला आणि फलंदाज जागचा हललाही नाही, तरी त्याच्या नावावर चार धावा लागतातच. 'धावते समालोचन' हीदेखील अशीच रुळलेली उसनवारी असून तिच्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही.

तक्रार आहे ती अलीकडच्या सपाटीकरणाविषयी. 'ताप धावतो' असे कोणीही लिहीत नाही; चूक त्याहून सूक्ष्म असते. 'रन' म्हणजे 'चालवणे' असे एकदा मनाशी ठरले की मोहीम राबवायची राहत नाही, ती चालवली जाते. वृत्तवाहिन्यांवर बातमी दिली जात नसून 'चालवली' जाते. या वळणाला हिंदीचाही हातभार आहे हे खरे. गोळी 'झाडणे' मागे पडून ती 'चालवली' जाऊ लागली ती त्याच वाटेने. प्रत्येक उदाहरण सुटे पाहिले तर क्षुल्लक वाटेल. एकत्र पाहता असे दिसते की नामागणिक वेगळे क्रियापद योजण्याची मराठीची सवय सुटत चालली आहे. या तुलनेत संगणकावर प्रोग्रॅम 'रन करणे' हा प्रयोग निरुपद्रवी म्हटला पाहिजे. तो एकच अर्थ घेऊन आला आणि तेवढ्यावर थांबला.

उलट दिशेने पाहिले तर 'चालणे'ची श्रीमंती 'रन'हून उणी नाही. नाटक चालले म्हणजे त्याला प्रेक्षक लाभले. घरात एखाद्याचे काही चालत नाही म्हणजे त्याला सत्ता नाही. पथ्याला ताक चालते, फाटकी नोट चालत नाही, आणि एका 'चालेल'मध्ये संमती, तडजोड व नाइलाज या तिन्ही छटा केवळ स्वरावरून वेगळ्या होतात. 'चालू' हे विशेषण वर्षाला लावले तर वर्तमान सांगते, माणसाला लावले तर बनेल. इंग्रजीतील पादचाराच्या शब्दाने यांतले एकही वाक्य सांगता येणार नाही.

या अर्थांची नोंद कोठे आहे? मोल्सवर्थने १८३१ च्या व १८५७ च्या आवृत्त्यांत वाक्प्रचारांकडे विशेष लक्ष पुरवले. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'ने १९३२ ते १९३८ या काळातील सात खंडांत अर्थ क्रमवार देऊन ग्रंथांतील अवतरणे जोडली. हे ऋण मोठे आहे. पण त्यानंतर बोलीत व वृत्तपत्रांत बदललेल्या क्रियापदांचे कालनिर्देशासह, कर्ता आणि कर्म यांच्या अनुषंगाने वर्णन करण्याचे काम त्याच नेटाने पुढे गेलेले नाही. इंग्रजी-मराठी कोशांत 'रन'पुढे धावणे, पळणे, वाहणे, चालवणे अशी रांग लावून नोंद पूर्ण झाल्याचे समाधान मानले जाते. अनुवादकाला हवी असते ती नामांची रांग : ताप असेल तर अमुक, यंत्र असेल तर तमुक, जोखीम असेल तर 'पत्करणे'.

असे काम पदव्युत्तर विभागांना अशक्य नाही. संपूर्ण कोशाचा संकल्प त्यासाठी नको. दहाबारा क्रियापदे पुरेत. सुरुवात 'लागणे'पासून करावी. भूक लागते, आग लागते, ठेच लागते, वेळ लागतो, निकाल लागतो, डोळा लागतो, मूल रडू लागते, आणि दूरचे कोणीतरी नात्याने चुलत भाऊ लागते.