हायब्रिड मोटार आणि हमीचा कागद

घरांत मोटार असणें ही आतां नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. परंतु ती कोणत्या जातीची असावी याविषयीं एकत्र कुटुंबांत जेवढे मतभेद माजतात, तेवढे मुलीच्या स्थळाविषयींहि माजत नसतील. खानदेशांत वडील मंडळींचा कल आजवर डिझेलच्या गाडीकडे. तरुण मंडळींस विजेची गाडी हवी. पण आडमार्गाला वीज कोठें भरावी ही विवंचना. या दोहोंच्या मध्यें तडजोड म्हणून हायब्रिड मोटार हल्लीं पुष्कळ सुशिक्षित घरांच्या अंगणांत येऊं लागली आहे. तिच्यांत पेट्रोलचें इंजिनहि आहे व विजेची मोटरहि आहे. तिला बाहेरून वीज जोडावी लागत नाहीं, कारण इंजिन चालतांना व ब्रेक दाबतांना ती आपली वीज आपणच सांठविते.

ही कल्पना आजची नव्हे. १९०० सालच्या सुमारास फर्डिनंड पोर्श या तरुण कारागिरानें इंजिन आणि वीज यांची सांगड घातलेली एक गाडी तयार केली व तिला ‘सदैव जिवंत’ अशा अर्थाचें लॅटिन नांव दिलें. (भर उन्हांत बंद गाडीशेजारीं उभ्या असलेल्या मनुष्यास हें नांव सांगूं नये.) पुढें १९९७ च्या डिसेंबरांत टोयोटा कंपनीनें जपानांत ‘प्रियस’ विकावयास काढली. आपल्याकडे होंडाची ‘सिव्हिक हायब्रिड’ २००८ सालीं आली, पण ती परदेशांतून येणारी, किंमतीनें भारी. मध्यम स्थितींतील कुटुंबांच्या विचारांत ही जात आली ती २०२२ पासून, जेव्हां होंडा सिटी, मारुतीची ग्रँड व्हिटारा, टोयोटाची हायरायडर व इनोव्हा हायक्रॉस या गाड्या लागोपाठ बाजारांत आल्या. म्हणजे या गाड्यांचें पहिलें आजारपण आतां कोठें सुरू होत आहे. आणि म्हणूनच तें कसें निस्तरावें याचा विचार येथें करावयाचा आहे.

मुक्ताईनगर, म्हणजे जुनें एदलाबाद, येथील एका निवृत्त शिक्षकांचें घर आमच्या चांगल्या परिचयाचें आहे. गांवांत त्यांना सर्व जण गुरुजी म्हणतात. थोरला मुलगा पुण्यास असल्यामुळें गाडी पुण्यांत खरेदी केली, परंतु ती गुरुजींच्या नांवें असून राहते मुक्ताईनगरलाच. गेल्या वैशाखांत घरीं नातवाची मुंज झाली. पाहुणे परतले, आणि आठ-नऊ दिवस पत्र्याच्या छपराखालीं उभी राहिलेली गाडी, आजींना डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठीं जळगांवास न्यावयाच्या दिवशीं सकाळीं, हूं कीं चूं करीना. बटण दाबलें कीं दिवे मिणमिणत व विझत.

गुरुजींचे धाकटे बंधू हे जुन्या जीपच्या काळांतले. त्यांनीं तात्काळ उपाय सांगितला, “ट्रॅक्टरला दोर बांधा, भुसावळपर्यंत ओढून नेऊं.” धाकट्या सूनबाई गाडीचें पुस्तक हातांत घेऊनच ओसरीवर आल्या. “काका, पुढचीं चाकें जमिनीवर ठेवून ही गाडी ओढायची नाहीं, असें यांत स्पष्ट लिहिलें आहे.” हें म्हणणें अक्षरशः खरें आहे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या हायब्रिड गाडीचीं चाकें फिरलीं कीं तिची विजेची मोटरहि फिरते, वीज उत्पन्न होऊं लागते, आणि आंतील यंत्रणा तापून बिघडण्याचा धोका असतो. ती न्यावयाची तर सपाट पाठीच्या ट्रकवर, चारी चाकें उचलून.

गांवांतील मिस्त्रीस बोलावलें. त्यानें पुढचें झांकण उघडून पाहिलें आणि म्हणाला, “गुरुजी, बारीक बॅटरी बघतों; पण ह्या नारिंगी वायरींना मी हात लावणार नाहीं. माझीं लेकरें लहान आहेत.” आमच्या मतें त्या दिवशीं त्या घरीं बोलला गेलेला हा सर्वांत शहाणपणाचा शब्द होय. हायब्रिड गाडींत नारिंगी आवरणाच्या तारांतून प्राणघातक दाबाची वीज वाहते. अंगीं त्या कामाचें शिक्षण नसतांना त्या उघडणारा मनुष्य धाडसी नव्हे, अज्ञानी समजावा.

आतां ती ‘बारीक बॅटरी’ म्हणजे काय, हें नीट समजून घेतलें पाहिजे, कारण गाडी अजिबात जागी न होण्याच्या तक्रारींचें मूळ पुष्कळदां तिच्यांतच असतें. हायब्रिड गाडींत दोन बॅटऱ्या असतात. मोठी बॅटरी चाकें फिरविणाऱ्या मोटरला वीज पुरविते. दुसरी नेहमींच्या मोटारींत असते तशी बारा व्होल्टची. ती दिवे, कुलपें व गाडींतील संगणक जागे करते. मोठी बॅटरी भरलेली असली तरी लहान बॅटरी मेली कीं मोठीला हांक मारणारें कोणी उरत नाहीं. गाडी उन्हांत दिवसचे दिवस उभी राहिली कीं ही लहान बॅटरी हळूहळू उतरते; आणि भुसावळ-जळगांवचा वैशाख, जेथें पारा ४५ अंशांच्याहि वर चढतो, तिचें आयुष्य आणखी खातो. गाडी बराच काळ उभी ठेवावयाची असल्यास आठवड्यांतून एकदां ती पूर्ण सुरू करून, म्हणजे समोर ‘रेडी’ हीं अक्षरें उमटवून, अर्धा-पाऊण तास मोकळ्या जागीं ठेवावी. नुसतें बटण अर्धवट दाबून मुलांना गाणीं ऐकूं दिल्यानें बॅटरी भरत नाहीं, उलट उतरते.

मिस्त्रीनें दुसऱ्या गाडीच्या बॅटरीचा आधार देऊन गाडी जागी केली. आजी, गुरुजी व सूनबाई निघाल्या. वरणगांवच्या अलीकडे समोरच्या पडद्यावर ‘हायब्रिड यंत्रणा तपासा’ अशी सूचना आली व गाडीचा जोर ओसरला. मंडळी भाड्याच्या गाडीनें पुढें गेलीं. पण ठरलेली वेळ टळली, आणि आजींची शस्त्रक्रिया बारा दिवस पुढें गेली. गाडी ट्रकवर घालून कंपनीच्या अधिकृत दुरुस्तीगृहांत पोंचविण्यांत आली.

खरी कसोटी यापुढें लागली. तेथील अधिकाऱ्यानें सांगितलें कीं, मोठ्या बॅटरीस थंड ठेवणारा पंखा धुळीनें व कापसाच्या तंतूंनीं कोंदला आहे. मागच्या आसनापाशीं असलेली हवेची जाळी झांकली गेल्यामुळें बॅटरी तापली. सबब बॅटरी बदलावी लागेल, आणि हा वापरणाऱ्याचा दोष असल्यामुळें हमी लागू नाहीं. शिवाय मागच्या खेपेस तेल बाहेरच्या गॅरेजांत बदललें, हें दुसरें कारण. जो आंकडा त्यानें कागदावर लिहून दाखविला, तो भरावयाचा तर नातीच्या इंजिनियरिंगच्या शुल्कासाठीं ठेवलेली बँकेंतील ठेव मोडावी लागली असती. घरांत दोन तट पडले. काका म्हणत, “डिझेल घ्या म्हणून मी तेव्हांच सांगत होतों.” गुरुजी पैसे भरून मोकळें होण्याच्या विचारांत होते, कारण वाद घालणें त्यांच्या स्वभावांत नाहीं.

अधिकाऱ्याचें म्हणणें सर्वस्वी खोटें नव्हतें, हें प्रथम सांगितलें पाहिजे. आजींच्या कंबरेला त्रास होऊं नये म्हणून मागच्या आसनावर गादी घातली होती, आणि बाजूस पापड-कुरडयांचे डबे. कित्येक हायब्रिड गाड्यांत मोठ्या बॅटरीला थंडावा मिळतो तो गाडीच्या आंतील हवेमधूनच. त्यासाठीं मागच्या आसनाच्या खालीं किंवा बगलेस एक जाळी असते. ती झांकूं नये, महिन्यांतून एकदां पुसावी, आणि सर्व्हिसच्या वेळीं पंख्याची गाळणी साफ करण्यास बजावून सांगावें. मनुष्यास जें तापमान सोसतें तेंच या बॅटरीस मानवतें, एवढें ध्यानांत ठेवलें तरी पुरे.

परंतु जाळी झांकली म्हणूनच पंखा बिघडला, हें कशावरून? सूनबाईंनीं नेमका हाच प्रश्न विचारला, आणि तोंडी नव्हे, लेखी विचारला. गाडी आंत घेतांना दिलेलें जॉब कार्ड, यंत्रानें वाचलेल्या दोषसंकेतांची छापील प्रत, काढलेल्या भागांचीं छायाचित्रें, आणि हमी नाकारण्याचें कारण कंपनीच्या सही-शिक्क्यानिशीं, एवढें त्यांनीं मागितलें व त्याची एक प्रत थेट कंपनीच्या मुख्य कचेरीस ई-मेलनें धाडली. छापील प्रत हातीं आली तेव्हां असें दिसलें कीं, पंख्याच्या दोषाची पहिली नोंद गाडी पुण्याहून परत येत असतांनाच्या किलोमीटरांवर झाली होती. गादी तर त्यानंतर पंधरा दिवसांनीं घातली गेली. कंपनीचा तंत्रज्ञ येऊन गेला. पंखाच मुळांत सदोष निघाला व तो हमींत बदलून मिळाला. आणि मोठी बॅटरी? ती तपासली असतां धडधाकट निघाली. ती बदलण्याची गरजच नव्हती. लहान बॅटरीचे पैसे मात्र भरावे लागले, व तें रास्तच होतें. तिची हमी निराळी व थोड्या मुदतीची असते.

हमीच्या कागदांत दोन मुदती असतात, हें पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. वर सांगितलेल्या कंपन्यांच्या गाड्यांत हायब्रिड बॅटरीची हमी सर्वसाधारणपणें ८ वर्षें किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकीं जें आधीं होईल तोंपर्यंत असते. बाकीच्या गाडीची त्याहून पुष्कळ कमी. पंखा, इन्व्हर्टर व तारा या ‘बॅटरी’ या शब्दांत मोडतात कीं ‘बाकीच्या गाडींत’, हें खरेदीच्या दिवशींच विचारून घ्यावें. त्या दिवशीं विक्रेता पेढे वांटीत असतो. उत्तर मिळण्यास तीच वेळ उत्तम.

बाहेरच्या गॅरेजांत तेल बदललें म्हणून सगळीच हमी बुडाली, असें म्हणणें कितपत टिकतें? भारतीय स्पर्धा आयोगानें २५ ऑगस्ट २०१४ रोजीं चौदा मोटार कंपन्यांविरुद्ध दिलेल्या आदेशांत सांगितलें कीं, ग्राहकानें स्वतंत्र कारागिराकडे काम करविलें एवढ्याच कारणावरून सरसकट हमी रद्द करण्याची अट घालतां येणार नाहीं. त्या कारागिराच्या सदोष कामामुळें जेवढें नुकसान झालें तेवढ्यापुरतीच ती नाकारतां येईल. तेल बदलल्यानें पंखा बिघडत नाहीं, हें शाळेंतला मुलगाहि सांगेल. तरीहि हायब्रिड भागांचें काम अधिकृत ठिकाणींच करवावें, व तेल कोठेंहि बदललें तरी पावती जपावी, असें आमचें मत आहे.

ग्राहकाच्या अपेक्षेसहि मर्यादा आहे. ‘गाडी बंद पडली, नवी द्या’ अशी मागणी करणाऱ्यांनीं सर्वोच्च न्यायालयाचा २००६ सालचा मारुती उद्योगासंबंधींचा निकाल पाहावा. हमीच्या अटींत सदोष भाग बदलून देण्याचें वचन असेल, तर तेवढेंच मागतां येतें, संपूर्ण गाडी बदलून मागतां येत नाहीं, असें न्यायालयानें त्यांत ठरविलें. दुसरा निकाल गोव्यांतील एका ग्राहकाचा, २०२१ सालचा. त्याला २०११ सालची म्हणून २००९ सालची गाडी विक्रेत्यानें दिली होती. ती बनविणाऱ्या टाटा मोटर्सला जबाबदार धरण्यास न्यायालयानें नकार दिला, कारण विक्रेत्याच्या त्या कृत्याची कंपनीस माहिती होती असें सिद्ध झालें नव्हतें. तेव्हां यंत्राचा दोष कोणता व दुकानदाराचा दोष कोणता, हें तक्रारींत वेगवेगळें मांडावें आणि दोघांसहि पत्र लिहावें.

एवढें करूनहि दाद न लागल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि त्यापुढें जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. पुण्यांत १९७४ सालीं बिंदुमाधव जोशी यांनीं ग्राहक पंचायतीचें काम आरंभिलें तेव्हां असा कायदाच नव्हता. तो १९८६ सालीं आला, आणि २०१९ चा नवा कायदा जुलै २०२० पासून अमलांत आहे. त्याची एक सोय मुक्ताईनगरसारख्या गांवांतील लोकांस विशेष उपयोगी आहे. गाडी पुण्यांत घेतलेली असली तरी तक्रारदार जेथें राहतो त्या जिल्ह्यांत, म्हणजे जळगांवास, तक्रार दाखल करतां येते. ५० लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीचीं प्रकरणें जिल्हा आयोगापुढें चालतात. १० ते २० लाखांच्या गाडीस ४०० रुपये शुल्क पडतें, त्यावर ५० लाखांपर्यंत १,००० रुपये. वकील केलाच पाहिजे असें नाहीं. मुदत मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांची. आणि यंत्रांतील दोष केवळ आपल्या बोलण्यानें सिद्ध होत नाहीं. गरज पडल्यास आयोग वस्तु योग्य प्रयोगशाळेकडे तपासणीस पाठवूं शकतो. जुने भाग दुरुस्तीगृहांतच टाकून येऊं नयेत, तें याचसाठीं.

गुरुजींची गाडी वीस दिवसांनीं परत आली, व आजींच्या डोळ्याची पट्टीहि निघाली. ट्रकचें व भाड्याच्या गाडीचें मिळून जें भाडें पडलें, त्याची मागणी सूनबाईंनीं पावत्यांसह रजिस्टर पत्रानें दुरुस्तीगृहास व कंपनीस केली आहे. उत्तरासाठीं तीस दिवसांची मुदत दिली आहे; काका रोज संध्याकाळीं पोस्टमन आला का, याची चौकशी करीत असतात.