नाकाचे दुखणे, नावाची धास्ती

दिवाळीची झाडलोट निघाली की गिरगावच्या चाळींत नि दादरच्या बिऱ्हाडांत माळ्यावरच्या गाद्या खाली येतात आणि घरातले एखादे पोर शिंकांचा सपाटा लावते. "पडसे आहे, जाईल," म्हणून आजी काढा उकळते. पण पडसे आठवड्याभरात उतरते. महिनोन् महिने वाहणारे, खाजणारे नाक ही बहुधा ॲलर्जी होय. गादीच्या धुळीतले, डोळ्यांना न दिसणारे किडे हे तिचे एक मोठे कारण.

असे मूल तोंडाने श्वास घेते, रात्री नीट झोपत नाही आणि वर्गात पेंगले की मास्तर त्याला आळशी म्हणून मोकळे होतात!

डॉक्टर स्टेरॉईडचा फवारा लिहून देतात. नाव ऐकताच आईबापांच्या पोटात गोळा येतो आणि चार दिवसांत बाटली कपाटात जाते. वस्तुतः मोमेटॅसोनच्या फवाऱ्याचा शेकडा १ भागही रक्तात उतरत नाही; २ वर्षांच्या मुलालाही तो देतात. मात्र पुरता गुण यायला तो रोज, एकदोन आठवडे तरी घ्यावा लागतो. नाकाच्या मधल्या पडद्यावर मारू नये, त्याच बाजूच्या कानाच्या रोखाने मारावा. नाहीतर घोळणा फुटतो. उपचार लांबला तर मुलाची उंची मोजीत असावे.

परळचे वाडिया बालरुग्णालय १९२९ पासून मुलांसाठीच उभे आहे. शंका अशा ठिकाणी विचाराव्या, शेजारणीला नव्हे. आम्ही भाषेचे मास्तर; शब्दांचा धाक आम्हांला ठाऊक आहे. पण एका शब्दापायी पोराची झोप घालवू नये.