ट्रॉलीच्या ब्रेकचं काय?

शेतकरी बंधूंनो, दसरा जवळ आला की ऊस वाहतुकीची तयारी सुरू होते. ट्रॅक्टरचं ऑइल बदललं जातं, टायर बघितले जातात, झिजलेल्या पिना बदलतात. पण ट्रॉलीच्या ब्रेककडे किती जण बघतात? ट्रॉलीखाली वाकून बघा. ब्रेकचा रॉड तारेनं वर बांधून ठेवलेला दिसेल, नाहीतर गंजून जाम झालेला. गावात बनवलेल्या कित्येक ट्रॉल्यांना तर मुळात ब्रेकच नसतो.

दोन टनांचा ट्रॅक्टर, मागे आठ-दहा टन ऊस. दोन ट्रॉल्या असतील तर त्याच्या दुप्पट. हे सगळं ओझं थांबवायचं कोणी? ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांनी! उतारावर ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते, वळणावर आडवी फिरते. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारं अंतर चौपट होतं, हेही ध्यानात असू द्या.

"हंगाम चार-पाच महिन्यांचा, कशाला खर्च?" असं कोणी म्हणेल. पण उरलेले सात-आठ महिने ट्रॉली उघड्यावर, चिखलापाण्यात उभी असते, म्हणून तर ब्रेक बिघडतो. धक्क्याच्या ब्रेकमध्ये ट्रॅक्टर हळू झाला की ट्रॉली पुढे सरकते, दांडीतला सरकता भाग दाबला जातो आणि रॉड ओढून चाकातले लायनर ड्रमला घासतात. सरकता भाग गंजला, की सगळंच थांबलं.

दुरुस्ती अवघड नाही. ट्रॉली रिकामी करून सपाट जागी घ्या, बाकीच्या चाकांना उटी लावा. जॅकने उचलल्यावर खाली भक्कम ठोकळे द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. ड्रम काढल्यावर आतली धूळ फुंकून उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, ते फुप्फुसाला घातक आहे. ओल्या फडक्यानं पुसा. लायनर ग्रीसनं भिजले असतील तर पुसून भागत नाही, नवेच घाला आणि गळणारं ऑइल सीलही बदला. जाम झालेले भाग मोकळे करा, तुटलेली स्प्रिंग बदला. ब्रेक आवळताना चाक अडेपर्यंत आवळून, मोकळं फिरेल इतकंच ढिलं सोडा. दोन्ही बाजू सारख्या हव्यात, नाहीतर ट्रॉली एका अंगाला ओढते. तेलाच्या दाबाचा ब्रेक असेल तर त्यात ब्रेक ऑइलच घाला. इंजिन ऑइल घातलं तर रबरी सील फुगून निकामी होतात. हाताला सवय नसेल तर फिटरला बोलवा. मग आधी रिकामी ट्रॉली, नंतर थोडा माल घालून मोकळ्या जागी चाचणी घ्या.

चालकांनीही दोन गोष्टी पाळाव्यात. रस्त्यावर ट्रॅक्टरचे दोन्ही ब्रेक पेडल एकमेकांत अडकवलेले असावेत. एकच दाबलं गेलं तर ट्रॅक्टर एका बाजूला फिरतो. आणि उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नये.

आता कारखान्यांना आणि गावच्या कारभाऱ्यांनाही सांगणं आहे. ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा होतात, चांगलंच आहे. पण रिफ्लेक्टर मागून येणाऱ्याला वाचवतो. पुढं चालणाऱ्याला वाचवायला ब्रेकच लागतो. वाहतुकीचा करार करताना कारखान्यानं ब्रेक तपासूनच सही करावी. दुरुस्तीला पैसे नसतील तर उचलीतून द्यावेत. सरपंच-ग्रामसेवकांनी हंगामाआधी एक दिवस ठरवून गावातल्या सगळ्या ट्रॉल्या फिटरकडून तपासून घ्याव्यात. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा आहे. त्याची आठवण अपघातानंतर पंचनाम्यातच व्हावी का?

त्या रस्त्यानं आपलीच पोरं सायकलवरून शाळेत जातात. खंडेनवमीला ट्रॉलीला हार जरूर घाला, पण त्याआधी तिची चाकं खोलून बघा.