दुभत्या जनावरांचे खूर व आमची बेपर्वाई

दुधाची धार आटली कीं आमचा शेतकरी प्रथम पेंड वाढवितो, मग दृष्ट काढतो, आणि शेवटीं गड्याचा वहीम घेतो; गाईचा मागचा पाय उचलून पाहावा असें मात्र त्याच्या मनांत येत नाहीं. तारोडी, डोंगरी, उत्तन ह्या बाजूच्या गोठ्यांतून पावसाळ्यांत हिंडतांना हा अनुभव आम्हांस वारंवार आला आहे. जनावर दावणीस उभें असतें, पाठ कमानीसारखी वर काढलेली असते, एक पाय टेकवून न टेकविल्यासारखा धरलेला असतो, आणि धनी सांगत असतो कीं ह्या वेताला गाय हलकीच निघाली. गाय हलकी निघालेली नसते. तिचा पाय दुखत असतो; पाय दुखतो म्हणून ती गव्हाणीशीं कमी वेळ उभी राहते, कमी खाते, माज दाखवीत नाहीं, आणि दूध अर्थात् उतरतें.

ह्या बेपर्वाईचें एक कारण आम्हांस दिसतें, तें वाचकांपुढें मांडावयाचें आहे. घरोघर बैल होते तोंवर खुरांकडे पाहणारा एक माणूस गांवांत येत असे, तो म्हणजे नालबंद. बैलास नाल मारावयाची तर त्यास पाडावें लागे, पाय दोरांनीं बांधावे लागत, वाढलेली नखी तासावी लागे, आणि त्या निमित्तानें चिरलेला, कुजलेला किंवा खिळा शिरलेला खूर उघडकीस येई. गाईम्हशीस नाल मारण्याची रीत आमच्याकडे नव्हती. पुढें नांगराच्या जागीं यंत्रें आलीं, बैल गेले, बैलांमागून नालबंद गेला, आणि गोठ्यांत उरलीं तीं ज्यांचे खूर कोणींच कधीं पाहिले नव्हते अशीं जनावरें.

दुसरें कारण जातींत आहे. इगतपुरी-अकोले भागांतील डांगी गुरें ज्यांनीं पाहिलीं असतील त्यांस हें सांगणें नको. मुसळधार पावसांत भातखाचरांत राबणाऱ्या ह्या जातीचे खूर काळे व गारगोटीसारखे कठीण असतात, आणि कातडीवर तेलकट अंश असल्यामुळें पाणी अंगावरून निथळून जातें. पण डांगी गाय दूध बेताचें देते. म्हणून आम्हीं होल्स्टीन व जर्सीच्या संकरित गाई आणल्या, आणि कोरड्या मुलुखांतील मुऱ्हा व जाफराबादी म्हशी तबेल्यांत बांधल्या. मुंबई शहरांतील म्हशी बाहेर नेण्याकरितां १९४९ सालीं गोरेगांवास आरेची दूधवसाहत उभी राहिली. तेथें काय किंवा उपनगरांतील खाजगी तबेल्यांत काय, म्हशी पक्क्या जमिनीवर बांधून ठेवण्याचीच पद्धत पडली. जड कास, मोठें धड, पायाखालीं ओली फरशी, आणि वर जून ते सप्टेंबर कोंकणचा पाऊस! ही जनावरें ठेवूं नयेत असें आमचें म्हणणें नाहीं. ज्यानें त्यांचें दूध घ्यावें त्यानें त्यांच्या खुरांचाहि भार उचलावा, इतकेंच म्हणणें आहे.

लंगडणें हा रोग नव्हे, तें रोगाचें चिन्ह होय. दुभत्या गाईच्या लंगडण्याचें मूळ दहापैकीं नऊ वेळां खुरांत असतें. खांद्यांत किंवा मांडीच्या सांध्यांत क्वचितच असतें. त्यांतहि बहुतकरून तें मागच्या पायाच्या बाहेरच्या नखींत असतें, कारण भरलेल्या कासेमुळें मागचे पाय फांकतात व भार त्या नखीवर पडतो. असें असतांना खांद्यावर डाग देण्याचा अघोरी उपाय अजूनहि कोठें कोठें होतो. डागाची नवी जखम होते, आणि नखींतला खिळा नखींतच राहतो. अलीकडे आमच्या बाजूस खाचरें भरण्यासाठीं बांधकामाचें डबर पडूं लागल्यापासून खिळ्यांस व कांचांस तोटा नाहीं, हें जातां जातां नमूद करतों.

पावसाळ्यांत दोन विकार हटकून एकमेकांच्या नांवावर खपतात. एक लाळ्या-खुरकूत व दुसरा खुरकूज. लाळ्या-खुरकूत हा विषाणूंचा सांथीचा रोग. तो एका जनावरास होऊन सहसा थांबत नाहीं. ताप भरतो, तोंडांतून लाळेच्या तारा लोंबतात, जिभेवर व हिरड्यांवर फोड येऊन फुटतात, आणि एकाहून अधिक पायांच्या फटींत तसेच फोड दिसतात. सडांवरहि ते येतात. खुरकूज ह्याच्या उलट बहुधा एका जनावराच्या एकाच पायास होते. तोंड स्वच्छ असतें. परंतु पाय खुराच्या वर दोन्ही बाजूंस सारखा सुजतो, नख्या एकमेकींपासून फांकतात, आणि फटींतील कातडी चिरून तिच्यांतून अशी दुर्गंधि येते कीं एकदां घेतलेला तो वास माणूस विसरत नाहीं. हिचे जंतु शेणांत व चिखलांत असतातच; धड कातडीस ते कांहीं करीत नाहींत. सदा भिजून मऊ पडलेल्या किंवा खड्यानें खरचटलेल्या कातडींतून ते आंत शिरतात. पहिल्या एकदोन दिवसांत पशुवैद्याकडून सुई दिली तर खुरकूज लौकर हटते. आठवडाभर लेप-धुरींत घालविला तर ती सांध्यापर्यंत जाते, व नखी किंवा जनावर गमवावें लागतें. सुईच्या औषधाचा अंश दुधांत उतरतो. पशुवैद्य सांगेल तितके दिवस तें दूध डेअरीस घालूं नये. दुखणें थांबविण्यासाठीं माणसांच्या दुकानांतून डायक्लोफिनॅक आणून टोंचण्याची खोडहि सोडावी. गिधाडांच्या नाशास कारण झाल्यामुळें जनावरांसाठीं त्या औषधास २००६ पासून बंदी आहे.

लाळ्या-खुरकुतीचा विषाणु मारणारें औषध नाहीं, लस आहे. आपल्या देशांत ह्या विषाणूचे ओ, ए व आशिया-१ हे तीन प्रकार आढळतात व लशींत तिन्हींचा समावेश असतो. सप्टेंबर २०१९ मध्यें केंद्र सरकारनें राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यांत दर सहा महिन्यांनीं गाईम्हशींस ही लस विनामूल्य टोंचण्याची योजना असून २०३० पर्यंत रोगाचें उच्चाटन करावें असा उद्देश ठेवला आहे. बुळकांडी लशीच्या जोरावर गेली. २०११ सालीं ती साऱ्या जगांतून नष्ट झाल्याचें जाहीर झालें. लाळ्याची लस बुळकांडीच्या लशीसारखी वर्षानुवर्षें पुरत नाहीं, म्हणून एक पाळी चुकली कीं जनावर उघडें पडतें. आणि पाळी चुकवितो कोण? लस टोंचणारा आला म्हणजे दूध उतरेल ह्या भीतीनें दुभतीं जनावरें मागल्या दारानें रानांत हांकणारे गृहस्थ आम्हीं आमच्या डोळ्यांनीं पाहिले आहेत. दूध उतरतें खरें, पण थोडें व एकदोन दिवस. रोग झाला तर सारें वेत हातचें जाऊं शकतें, आणि बऱ्या झालेल्या जनावरांपैकीं कांहीं पुढें ऊन पडलें कीं धापा टाकीत उभीं राहतात. शेजाऱ्याची जनावरें धोक्यांत येतात तीं वेगळींच. अशा रोगाची खबर देणें व आजारी जनावर निराळें बांधणें हें २००९ च्या केंद्रीय कायद्यानें मालकाचें कर्तव्य ठरविलें आहे. तें ओळखीच्या आडून टाळण्याची सवय बरी नव्हे.

ह्या दोहोंहून फसवा विकार म्हणजे नखीच्या आंतल्या दाहाचा. तो दिसतो खुरांत, पण पुष्कळदां जन्मतो पोटांत. आमच्या गांवांस शहर खेटून आहे. खाणावळींतील शिळा भात, पाव, लग्नकार्यांतील उरलेलें अन्न गोठ्यांत स्वस्तांत येतें, आणि गाईला घांस घातल्याचें पुण्यहि देणाऱ्याच्या पदरीं पडतें. व्यालेल्या गाईस एकदम पेंड व पीठ वाढविणारेहि हीच चूक करतात. असें पिष्टमय अन्न एकाएकीं पोटभर गेलें म्हणजे कोठीपोटांत तें आंबून आम्ल वाढतें, रवंथ मंदावतो, आणि त्या बिघाडाचा परिणाम खुरांतील बारीक रक्तवाहिन्यांवर होतो. नखी हातास गरम लागते, गाय काट्यांवरून चालल्यासारखी चालते. कित्येकदां त्या वेळीं कांहींच दिसत नाहीं. दोन-तीन महिन्यांनीं तळव्यांत रक्ताचे डाग दिसतात व मग टाचेच्या बाजूस व्रण पडतो. तोंवर तो भाताचा दिवस धन्याच्या स्मरणांतहि नसतो. नखीची भिंत महिन्यास सुमारें ५ मिलिमीटर वाढते, म्हणजे केसांच्या कडेपासून टोंकापर्यंत नवी भिंत येण्यास वर्षाहून अधिक काळ लागतो. त्यामुळें भिंतीवरील खोल आडव्या खांचांवरून जनावराचे मागील वर्षींचे हाल वाचतां येतात. बाजारांत दांत पाहणाऱ्यानें ह्या खांचाहि पाहाव्या. पेंड वाढवावयाची ती दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावी व वैरणीवांचून नुसती घालूं नये. शिळ्या अन्नाविषयीं आमचें मत विचाराल तर तें दुभत्या जनावरास घालूंच नये.

पेंढ्याविषयींहि दोन शब्द. कापणीला पाऊस लागून काळा पडलेला, बुरसलेला पेंढा टाकून देणें कोंकणी माणसाच्या जिवावर येतें. परंतु अशा पेंढ्यांतील बुरशीच्या विषानें थंडीच्या दिवसांत म्हशींच्या शेपटीचें टोंक, कानांच्या कडा व खुरावरचा पाय काळा पडून झडूं लागतो. पंजाबांतील भातपट्ट्यांत हा विकार देगनाला ह्या नांवानें ओळखला जातो. बुरसलेला पेंढा खतांत घालावा.

उपायांत पहिला मान जमिनीचा. फरशीस मुताच्या नाळीकडे उतार असावा, तिच्यावर घसरूं नये इतक्या खांचा असाव्या, आणि जनावरास दिवसांतून दहा-बारा तास कोरड्या जागीं निवांत बसतां यावें. जें जनावर बसूं शकत नाहीं त्याचे तळवे बिघडणारच. मोठ्या गोठ्यांत वाटेवर ३ मीटर लांबीचा उथळ हौद करून त्यांत १०० लिटर पाण्यास ५ किलो ह्या प्रमाणानें मोरचूद घालतात. पाय आधीं साध्या पाण्यानें धुवावे लागतात, कारण शेण मिसळलें कीं मोरचुदाचा गुण मरतो. दोनचार जनावरांच्या गोठ्यास हा खटाटोप नको. बादली, ब्रश व कोरडी जागा एवढ्यानें बरेंच काम भागतें. मोरचुदाचें वापरलेलें पाणी खाचरांत किंवा खाडीस मिळणाऱ्या ओहोळांत ओतूं नये. तांबें जमिनींत सांठत जातें व माशांस तें विष आहे. उत्तनच्या कोळी बंधूंची रोजी त्याच पाण्यावर आहे.

आतां मुख्य सूचना. आमच्या संस्थेनें एक मजबूत खोडा, नख्या तासण्याच्या दोन सुऱ्या, कानस व चिमटा हीं साधनें सामाईक मालकीचीं ठेवावीं, व गांवांतील दोन तरुणांस पशुवैद्याच्या हाताखालीं हें काम शिकवून घ्यावें. प्रत्येक दुभत्या जनावराचे खूर वर्षांतून दोनदां पाहिले जावे. एकदां तें आटवितांना, व एकदां व्याल्यावर दोन-तीन महिन्यांनीं. तासणारा शिकलेलाच हवा. पुढील भिंत सुमारें ७.५ सेंटिमीटर राखावी, टाचेस हात लावूं नये, आणि तळवा अंगठ्यानें दाबला जाऊं लागेल इतका पातळ कधींहि करूं नये. रक्त दिसेपर्यंत कापणाऱ्याच्या हातीं सुरी देण्यापेक्षां खूर वाढलेले बरे. व्रण पडला असेल तर शेजारच्या निरोगी नखीस लांकडी ठोकळा चिकटवितात, म्हणजे भार तिच्यावर जाऊन दुखरी नखी अधांतरीं राहते. ही युक्ति साधी आहे व पशुवैद्याकडून करून घेण्यासारखी आहे.

ह्यावर कांहीं सभासद म्हणतात कीं गाय खोड्यांत घातली तर बिचकते व दूध चोरते. एक वेळचें दूध चोरील हें आम्हांस मान्य आहे. लंगडी गाय मात्र तें महिनोन् महिने चोरते, आणि शेवटीं तीच कवडीमोलानें बाजारांत जाते. खर्चाचा आक्षेपहि आमच्यानें मानवत नाहीं. खोड्याचा खर्च दहा घरांत वांटला गेला तर तो कोणासहि जड होऊं नये.

खोडा कोठें असावा ह्याविषयीं दोन मतें आहेत. एक पक्ष म्हणतो, ज्याचीं जनावरें अधिक त्याच्या आवारांत. आमच्या मतें तो कोणाच्याहि गोठ्यापासून दूर, रस्त्यालगत व पाण्याच्या नळाजवळ असावा, खालीं धुतां येईल अशी फरशी असावी, आणि प्रत्येक जनावरानंतर सुऱ्या व दोर घासून धुण्यासाठीं शेंकडा ४ ह्या प्रमाणाचें धुण्याच्या सोड्याचें पाणी तेथें भरलेलें असावें. एका खुरांतला संसर्ग सुरीवरून दुसऱ्या खुरांत जातो, आणि लाळ्याचें जनावर चुकून तेथें आलेंच तर तें निदान कोणाच्या दावणीशेजारीं येऊं नये.